पडशी सोडू नका

(दिंडीच्या शतकमहोत्सवी सप्ताहात, ज्येष्ठ महिन्यात, हरिपाठानंतर मंडपात केलेलं भाषण. नातवानं मोबाईलवर टिपून घेतलं आणि लिहून काढलं. बोललो तसंच ठेवा, असं त्याला सांगितलं आहे.)



 मंडळींनी आम्हाला सांगितलं, बुवा, शंभर वर्षांवर बोला. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनाला उभं राहिलो तर दोन तास हटत नाही, पण भाषणाची सवय नाही. आणि शंभर वर्षांवर बोलायचं तर एक अडचण आहे, ती आधी सांगतो.

आता जी स्मरणिका छापायची चालली आहे, तिच्यात पहिल्या चाळीस वर्षांच्या वारकऱ्यांची नावं फार थोडी येणार आहेत. जी येतील तीसुद्धा म्हाताऱ्या माणसांनी आठवून सांगितलेली. का? तर आपल्या दिंडीची वही होती. लाल कापडात बांधलेली. कोणत्या वर्षी कोण कोण चालत गेलं, भिशी किती जमली, वाटेत कोण आजारी पडलं, कोण पंढरपुरातच राहिलं, सगळं तिच्यात. आमच्या आजोबांच्या हातचं मोडी होतं, वडिलांच्या हातचं बाळबोध होतं. ती वही आमच्या घरी, देवघराच्या खालच्या फळीवर असायची. 2019 च्या पुरात ती गेली. तुकोबारायांच्या गाथा इंद्रायणीनं तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या म्हणतात. आम्ही काही तुकोबा नव्हे. कृष्णामाईनं आमची वही परत दिली, पण लगद्याचा गोळा करून.

वीणा मात्र वाचली. कशामुळं? वीणा खाली ठेवायची नाही हा आपला नेम. ती खुंटीला उंच होती, माडीच्या जिन्यात. वहीला तसा नेम कुणी घातला नव्हता.

म्हणून आज आम्ही शंभर वर्षांवर नाही, पडशीवर बोलणार आहे.

पडशी नव्या पोरांना माहीत नसेल. दोन्हीकडं कप्पे असलेली खांद्यावरची पिशवी. आता सगळे सॅक घेतात, तरी नाव पडशीच ठेवू. दरवर्षी ज्येष्ठात तुम्ही ती भरता. कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्या वर्षी माणूस घर उचलून आणल्यासारखं भरतो आणि दिवे घाट चढताना त्याला कळतं. सासवडला निम्मं सामान ट्रकमध्ये जातं. दुसऱ्या वर्षापासून तोच माणूस शहाणा होतो. धोतरजोडी, टॉवेल, तांब्या, प्लॅस्टिकचा कागद, गोळ्या, थोडे पैसे. तीन आठवडे ऊनपावसात घराबाहेर कसं राहायचं, ही विद्या ह्या मंडपातल्या प्रत्येक माळकऱ्याला येते. सरकारचे साहेब शिबिरात येऊन आपत्तीची पिशवी कशी भरायची ते सांगतात, चांगलं सांगतात. पण आपण ती पिशवी आजोबा-पणजोबांपासून भरतोय.

चूक कुठं होते? एकादशी होते, काला होतो, आपण गावी येतो. अंघोळ करायची, प्रसाद वाटायचा आणि पडशी झटकून खुंटीला. आणि आपल्या कृष्णाकाठाला पूर कधी येतो? आषाढाचा शेवट आणि श्रावण. म्हणजे पडशी रिकामी झाली की पाणी येतं.

2019 ला बघा. आषाढी एकादशी 12 जुलैला होती. आम्ही गावी आलो, पडशी सोडली. 5 ऑगस्टला नागपंचमी. त्या दिवशी मळीतल्या उसात पाणी शिरलेलं होतं. गावात पाऊस फारसा नव्हता, म्हणून माणसं निवांत. आम्हीही निवांत. आभाळ बघून पूर कळतो ही आपली जुनी समजूत. पण कोयनेचं धरण भरत आलं की पाणी सोडावंच लागतं, शंभर टीएमसीच्या वरचं धरण आहे ते. वारणेचं येऊन मिळतं, खाली पंचगंगेचा फुगवटा असतो. पाऊस पडतो महाबळेश्वरात आणि पाणी चढतं आपल्या पायरीला. नातू म्हणतो, आजोबा, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर. म्हणजे दोन घागरी. आता लाख क्युसेक म्हटलं की सेकंदाला दोन लाख घागरी, असं धरा. हे गणित आम्हाला पुरानंतर कळलं.

आता आमची चूक सांगतो. शंभर वर्षांच्या सोहळ्यात हे सांगू नये असं घरच्यांचं म्हणणं पडलं, पण सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

देवळाच्या तिसऱ्या पायरीवर 2005 च्या पुराची खूण आहे, तांबड्या रंगानं केलेली. त्या संध्याकाळी पारावर पंचवीस-तीस घरांची माणसं जमली. गाव सोडायचं का, असा विचार चालला होता. तलाठी येऊन सांगून गेले होते. कुणीतरी आम्हाला विचारलं, बुवा, तुमचं काय म्हणणं? आम्ही खुणेकडं बोट केलं आणि म्हणालो, 2005 चं पाणी आपण डोळ्यानं बघितलंय, ह्याच्यावर चढत नाही, पांडुरंग आहे. माणसं उठली आणि घरी गेली. आम्ही कीर्तनकार ना. आमचा शब्द मानतात.

पाणी त्या खुणेच्या चार फूट वर आलं. सांगलीत आयर्विन पुलाला 57 फुटांवर गेलं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, हे तेव्हाही रोज सांगत होते. आम्ही ऐकत होतो पण मोजत नव्हतो.

तीन रात्री आम्ही माडीवर काढल्या. आमचं कुटुंब आणि शेजारची दोन घरं, मिळून एकोणीस माणसं. खाली घरात गळ्याइतकं पाणी. आमच्या वैनी, थोरल्या बंधूंच्या कुटुंब, सत्तावीस वाऱ्या चाललेल्या बाई, त्यांना साखरेचा आजार. गोळ्या खाली, देवघराच्या कोनाड्यात. इंजेक्शन फ्रिजमध्ये, आणि फ्रिज पाण्यावर तरंगतोय. दुसऱ्या दिवशी आमचा पुतण्या गोळ्या आणायला उतरायला लागला, त्याला वैनींनीच हाताला धरून बसवलं. त्यांच्या पायाला वर चढताना पत्र्यानं कापलं होतं. बोटाएवढी जखम. घाण पाणी, औषध नाही, साखर वाढलेली. तुम्ही जाणता.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला पलीकडच्या आळीत नावेचा आवाज आला. जवानांची रबरी नाव. आम्ही ओरडलो, पण पाण्याचा आवाज असा की शेजारचं ऐकू येईना. तेव्हा पुतण्याच्या बायकोनं खुंटीवरचे टाळ काढले आणि वाजवायला लागली. मग सगळ्यांनी ताटं, तांबे, जे असेल ते. नाव वळली. त्या पोरांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. ट्रंक घेऊ दिली नाही. माणसागणिक एक पिशवी, तीही मांडीवर मावेल एवढी. तेव्हा आम्हाला राग आला होता. नंतर कळलं, ब्रह्मनाळला 8 तारखेला माणसं घेऊन निघालेली नाव उलटली होती आणि बायकापोरं बुडाली होती. मग राग गेला.

वैनींचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता त्या दिंडीला वेशीपर्यंत येतात, कुबडीवर, आणि आपल्याला वाटे लावून मागं फिरतात. त्यांनी आम्हाला एकदाही बोल लावला नाही. आज समोरच बसल्यात.

(इथं थोडा वेळ थांबलो होतो. पोरानं तेही लिहिलं आहे, राहू द्या.)

तर पडशी. पंढरपूरहून आलात की कपडे धुवा आणि त्याच दिवशी पुन्हा भरा. दसऱ्यापर्यंत सोडायची नाही. आणि वर ठेवा, जिथून अंधारात हाताला लागेल. माळ्यावर अडगळीत नव्हे, दाराजवळच्या उंच खुंटीला. दाराजवळ का, तर पूर सांगून येतो, भूकंप सांगत नाही. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही पोरवयाचे होतो. आईनं घोंगडीसकट उचलून अंगणात नेलं होतं, एवढंच आठवतं. किल्लारीलाही गणपती बोळवून माणसं निजली होती, पहाटे चारच्या सुमाराला घरं अंगावर आली. तसल्या वेळेला पडशी शोधायला आत जायचं नाही. आधी बाहेर. हाताला लागली तर घ्यायची, नाही तर राहू दे.

आत काय घालायचं? सगळ्यात वर औषधं. रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी, म्हणजे दुसऱ्या गावच्या डॉक्टरला कळेल. फ्रिजमधलं औषध पडशीत ठेवता येत नाही, म्हणून पडशीच्या तोंडालाच चिठ्ठी बांधा, ‘फ्रिजमधलं घ्या’. घाईत माणूस स्वतःचं नावसुद्धा विसरतो. चष्मा जुना असेल तो टाकू नका, ह्यात टाका. गोळ्यांची मुदत संपते, म्हणून आम्ही नेम केलाय: दर एकादशीला पडशी उघडायची, गोळ्या बघायच्या, बॅटरी लावून बघायची, पुन्हा बांधायची. महिन्यात दोनदा. उपवासाच्या दिवशी तसंही हाताला काम कमी असतं.

कागद. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, विमा, घराचे कागद. सातबारा पुन्हा काढता येतो, त्याची फार काळजी करू नका. पण पोरांचे शाळेचे दाखले आणि जातीचे दाखले काढायला किती हेलपाटे पडतात ते आम्ही भोगलंय. खताच्या पोत्यात आतला जाड कागद असतो तो धुऊन वाळवा, त्याच्यात कागद गुंडाळा, तोंड पिळून दोऱ्यानं बांधा, मग दुसऱ्या पिशवीत उलटं घाला. पाणी शिरत नाही, बादलीत बुडवून बघितलंय. अन्नाला मात्र ती पिशवी वापरायची नाही. पोरांनी कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढून मुंबई-पुण्यातल्या पाहुण्यांना पाठवून ठेवा.

मोबाईल दुसऱ्या दिवशी मरतो. म्हणून नंबर कागदावर लिहा, जाड अक्षरात. 112, 108 आणि जिल्ह्याच्या कचेरीचा 1077. खाली लेकीचा, जावयाचा. आम्हाला स्वतःच्या मुलाचा नंबर पाठ नव्हता, खरं सांगतो.

खायला शेंगा-गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, पत्र्याच्या घट्ट डब्यात. चूल लागेल असं धरायचंच नाही. पाण्याच्या दोन बाटल्या. पुरात चहूकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही, हे माडीवर बसल्याशिवाय समजत नाही. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त घालू नका, त्यानं अपाय होतो. आरोग्यवाल्या ताईंनी क्लोरीनच्या गोळ्या दिल्या तर त्या बैठकीत मिरवू नका, पाण्यात टाका.

पैसे दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. पाचशेची नोट छावणीत कुणी मोडत नाही. बॅटरी, काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये, दोरी, एक जोडी टाळ. हसू नका. शिट्टी असली तरी चालेल, पण टाळ तुम्ही विसरणार नाही.

आमच्या पहिल्या यादीत एक मोठी चूक होती. पुरुषांनी केलेली यादी. सुनेनं वाचली आणि म्हणाली, मामंजी, ह्याच्यात बायकांचं काहीच नाही. मग तिनं लिहिलं: पाळीचे पॅड, अंतर्वस्त्रं, तान्ह्या पोराचं दूध-पावडर, दुपटी, आणि अंगावर नऊवारी-सहावारी असेल तर आत घालायला पायजमा, कारण पाण्यात लुगडं पायात गुंतून बाई पडते. आम्ही तीस वर्षं व्यासपीठावरून मातृशक्ती मातृशक्ती म्हणत आलो, आणि एवढं सुचलं नव्हतं.

भरून झाली की उचलून बघा. एका हातानं डोक्याच्या वर धरता आली पाहिजे. आली नाही तर सासवडसारखं निम्मं काढा.

जनावरांचं थोडं सांगतो, कारण माणूस गाव सोडत नाही तो घरासाठी नाही, गोठ्यासाठी. आमचंही तेच. म्हणून पुलाला 40 फूट झाले, इशारा आला, की जनावरं माळावर. तेव्हाच. रात्र पडायची वाट बघायची नाही. कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत लिहून ठेवा, फोटो काढा, पुढं पंचनाम्याला लागतो. आणि अगदीच वेळ आली तर दावी कापा. विळा गोठ्याच्या दारात टांगलेला असू द्या. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही. नदीवरची मोटर इशारा येण्याआधी वर ओढा. पाणी चढल्यावर मोटर काढायला जाऊ नका. मोटर पुन्हा घेता येते, कर्ज काढून का होईना. घरातून निघताना लाईटचा मेन बंद, गॅसचं बटण बंद. वाहतं पाणी गुडघ्याइतकं दिसलं तरी त्यात पाय घालायचा नाही, ते उभ्या माणसाला पाडतं. साप माडीवर माणसांबरोबर चढतात. चावला तर कापणं-चोखणं नाही, आवळून बांधणं नाही, देवऋषी नाही, सरळ दवाखाना.

आता 2021 चं सांगतो. त्या वर्षी कोरोना, पायी वारी नाही. एकादशी 20 जुलैला होती, घरातच केली. वैनी म्हणाल्या, वारी नसली म्हणून काय झालं, पडशी भरा. गावात हसले लोक. कुठं निघाला बुवा, म्हणाले. आम्ही घरोघर फिरलो. आमच्या दिंडीत चालताना ओळीला एक टाळकरी नेमलेला असतो, मुक्कामाला तो माणसं मोजतो, आणि मोजणी झाल्याशिवाय पंगत बसत नाही. तीच रीत आळीला लावली. एका आळीला एक टाळकरी. त्याच्याजवळ यादी: कोण अंथरुणावर आहे, कोण पोटुशी आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोण एकटं राहतंय. आणि गाव कधी सोडायचं हे दहा जणांनी ठरवायचं नाही. चोपदारानं दंड वर केला की लाखांचा समाज गप्प होतो ना, तसं. पुलाला 40 म्हणजे म्हातारी माणसं, पोरं आणि जनावरं बाहेर. 45 च्या आत गाव रिकामं. खुणेकडं कुणी बोट करायचं नाही. आम्ही तर नाहीच.

तीन दिवसांत पाणी आलं. दिंडीचा ट्रक होता, त्याच्या चार खेपा झाल्या. माळावरच्या शाळेत राहुट्या ठोकल्या, दिंडीची मोठी भांडी काढली, वारीचा शिधा जमवलेला नव्हता पण ज्याच्या त्याच्या पडशीतलं पहिल्या रात्रीला पुरलं. संध्याकाळी आळीवार मोजणी झाली. एका आळीत एक माणूस कमी. शोधलं तर आमचे एक जुने मृदंगवाले, मृदंग घ्यायला परत गेले होते. त्यांना पुतण्यानं काठावरून माघारी आणलं. मृदंगासकट, हे सांगायला नको होतं, पण ते इथंच बसलेत. मग पंगत बसली. घरं पुन्हा भिजली, ऊस गेला, नुकसान झालं ते झालंच. पण त्या रात्री पंगतीत मोजणी भरली.

नवी वही आता दोन ठिकाणी आहे. एक खुंटीला, वीणेच्या शेजारी. दुसरी नातवाच्या मोबाईलात. तुमच्याकडं जुने फोटो, पावत्या, आजोबांच्या नावाची कुठं नोंद असेल तर द्या, स्मरणिका छापायला जायला अजून आठवडा आहे.

आणि उद्याचं सांगून बसतो. काल्याचं कीर्तन झालं की लगेच उठू नका. पंधरा दिवसांनी आपलं प्रस्थान आहे, पडश्या भरायच्याच आहेत, तर उद्याच भरून आणा. पाराजवळ वैनी खुर्ची टाकून बसणार आहेत. एकेक पडशी उघडून बघणार, उचलून बघणार, मग वहीत नाव लिहिणार. ज्यांना आळीचे टाळकरी म्हणून नाव द्यायचंय त्यांनी पुतण्याकडं द्या, खालच्या आळीला अजून माणूस मिळालेला नाही. औषधाची चिठ्ठी वर ठेवा आणि अक्षर मोठं काढा, वैनींना आता बारीक दिसत नाही.

रामकृष्णहरी.